सोमवारचा मोडा

जुन्नरच्या क्लासमध्ये सरांनी परीक्षेपर्यंतचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. कॉलेज सोडून उरलेला प्रत्येक तास भरलेला, सातही दिवस. मागच्याच आठवड्यात मी प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडले होते. तेव्हा सर म्हणाले, "होईल सवय." मी लाल पेन काढलं, सोमवारच्या रकान्यावर फुली मारली आणि खाली लिहिलं, 'मोडा'. "हे काय?" सर ओरडले. "आमच्या घाटघरला सोमवारी मोडा पाळत्यात, सर. कितीबी काम असू द्या, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत." "मग तू काय बैल आहेस?" वर्ग खो खो हसला. "न्हाई ना. बैलाला निदान एक दिवस तरी सोडत्यात." हसणं थांबलं. सरांनी दाराकडं बोट दाखवलं. मी बॅग खांद्याला लावून निघाले, तेवढ्यात मागच्या बाकावरून समरीन म्हणाली, "थांब, पेन तेवढं ठेवून जा गं."