बोलतं ठेवायचं

कोसळलेल्या इमारतीच्या फटीशी तोंड लावून इलेक्ट्रिशियन पालथा पडला होता. आत स्लॅबखाली अडकलेल्या बाईंना बोलतं ठेवायचं, डोळा लागू द्यायचा नाही, एवढंच काम बचाव पथकाने या नव्या स्वयंसेवकाला दिलं होतं.

"आजी, पाय हलतोय का?"

"हलतोय. पण आजी कोणाला म्हणतोस? केस काळे आहेत माझे अजून!"

"या धुळीत सगळ्यांचेच पांढरे झालेत, मावशी."

त्या हसल्या, खोकल्या. मग म्हणाल्या, "आमचे हे स्वयंपाकघरात होते रे. कसे आहेत?"

ते त्याच्यापासून चार हातांवर चादरीखाली होते. अशा वेळी काय बोलायचं, ते प्रशिक्षणात पाठ करून घेतलं होतं. तो तेच बोलला, "त्यांच्याजवळ आमची माणसं आहेत, मावशी."

त्याने फटीला कान लावला. "मावशी? बोला ना काहीतरी!"

"बोलते रे." आवाज अगदी बारीक झाला होता. "नर्स होते मी. तीस वर्षं वॉर्डाबाहेर बसलेल्यांना असंच सांगत आले. सांगताना आवाज कापू द्यायचा नसतो, बाळा."