चष्मा घेतलात का

हेमलता वारल्याचं दवाखान्यातून कळलं, त्याच दिवशी तिची डिजिटल सही रद्द झाली. गेलेल्या माणसाची होतेच. बायकोचा अंत्यविधी करून दिगंबरराव घरात आले, दार लागलं आणि आपोआप झालेल्या अपडेटनंतर तिच्या सहीने उघडणारा तिचा लॅपटॉप सुरूच होईना. पडद्यावर एवढंच होतं, ‘सही अमान्य’ आणि खाली ‘सही पुसा’ हे बटण. घराचं दार त्याच लॅपटॉपवर चालायचं.

तिसऱ्या दिवशी मेहुणा मुकुंद दाराबाहेरून म्हणाला, “दाजी, ताईची सही पुसा की. दार उघडेल.”

“तिचं सगळंच पुसलं जाईल. दार उघडताना तिच्या आवाजात ‘चष्मा घेतलात का’ येतं ना, तेही.”

“अस्थी सावडायला सगळे खोळंबलेत.”

“कळतं रे.”

दिगंबररावांनी बटणाजवळ नेलेलं बोट मागे घेतलं.

हेमलताच्या अस्थी अजून सावडायच्या आहेत.