इंदूरमार्गे टेकरी

देवासच्या टेकरीखाली राहणाऱ्या रत्नाकररावांना गावातला एकही फंक्शनल ट्रेनिंगचा व्यायाम-स्टुडिओ पसंत पडेना. वर देवीच्या दर्शनाला ते रोपवेने जात, ती गोष्ट वेगळी. अखेर इंदूरचे सात स्टुडिओ पालथे घालून त्यांनी एकात नाव नोंदवलं आणि पहिल्याच रविवारी उजाडायच्या आत गाडी घेऊन तिथे हजर झाले.

ट्रेनरने सगळ्यांना बसमध्ये बसवलं. म्हणाला, "आज मशीन नहीं भिया, असली सीढ़ियाँ."

बस थांबली ती थेट रत्नाकररावांच्या दारासमोर.

टेकरी चढून-उतरून ते धापा टाकत खाली आले, तेव्हा कल्पनाताई फाटकातच उभ्या होत्या.

"अहो, पोहे गरम आहेत. आत या."

"झाकून ठेव," रत्नाकरराव बसमध्ये चढत म्हणाले, "गाडी इंदूरला राहिलीय."