आईच्या हातची पेस्टी

मळलेली कणीक, चिरलेलं मांस, बटाटे आणि सलगम थिर्झाने सासूबाईंपुढे मांडले, लाटणं त्यांच्या हातात दिलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. अकरा वर्षं ती या दिवसाची वाट पाहत होती असं म्हणणं खोटं ठरेल. अकरा वर्षं ती या दिवसाला भीत होती.

टेबलाभोवती तिचा नवरा एलिशा ट्रेगॉनिंग, खाणीचे कॅप्टन नॅनकिव्हल आणि एलिशाच्या पाळीतले तिघे खाणकामगार बसले होते. शनिवारची दुपार. बाहेर तापलेली लाल धूळ, आत पेटलेली भट्टी, तरी कुणी कोट काढला नव्हता. आपल्या आईच्या, म्हणजे केतूरा मावशींच्या, हातची पेस्टी खायची तर चॅपलमध्ये बसल्यासारखं बसायला हवं, असं एलिशानेच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

आमच्या मूंटा या खाणगावात कॉर्नवॉलहून आलेल्या प्रत्येक पुरुषाची आई ही जगातली सर्वांत सुगरण बाई असते. सुदैवाने या सगळ्या सुगरणी सातासमुद्रांपलीकडे असतात, त्यामुळे पुरावा कुणी मागत नाही. पेस्टी म्हणजे तरी काय? मांसाचं सारण भरून, काठाला मुरड घालून भट्टीत भाजलेली वीतभर लांब करंजीच म्हणा. पण एलिशापुढे असं म्हणून बघा.

थिर्झा पहाटे चारला उठून, टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात कणीक भिजवून त्याची पेस्टी करायची. तो ती जमिनीखाली तांब्याच्या खाणीत बसून शेवटच्या कणापर्यंत खायचा आणि संध्याकाळी वर येऊन तिच्यात खोट काढायचा. मुरड जाड झाली. सलगम कमी पडला. एकदा गाजराचा तुकडा सापडला, तेव्हा आठवडाभर घरात सुतक होतं. एक दिवस काहीच सापडेना, तर म्हणाला, कुणाची ते ओळखू यावं म्हणून पेस्टीच्या कोपऱ्यात कोरलेलं त्याच्या नावाचं अक्षर फार सरळ आहे.

"आईचं अक्षर वाकडं यायचं. त्यात माया होती."

दुसऱ्या दिवशी थिर्झाने वाकडं कोरलं. तेव्हा तो म्हणाला, नक्कल लगेच कळते.

गेल्या हिवाळ्यात तिकडे त्याचा बाप वारल्याचं पत्र आलं. एलिशाने चॅपलमध्ये रीतसर डोळे पुसले आणि आईला बोलावून घेतलं. निकामी पाय घेऊन पंचवीस वर्षं चुलीशेजारी बसून खाणारा बाप. त्याच्यासाठी याहून जास्त कोण रडणार? आई येऊन पोचली, त्याच संध्याकाळी ती झोपायला गेल्यावर त्याने जाहीर केलं, "सोमवारपासून स्वयंपाकघर आईचं. थिर्झा भांडी घासेल. देवाच्या मनात असेल तर हाताखाली राहून शिकेलही."

या परक्या मुलखात थिर्झाला आपली म्हणता येईल अशी एवढीच एक खोली होती, आणि सोमवार परवावर आला होता.

केतूरा मावशींनी लाटणं उलटसुलट करून पाहिलं. मग कणकेकडे पाहिलं. मग मुलाकडे.

"याचं मी काय करू?"

"पेस्टी कर, आई. कॅप्टनना कळू दे खरी पेस्टी कशी असते."

"मला नाही येत."

पाहुणे कौतुकाने हसले. मोठ्या माणसांचा विनय असाच असतो.

"आई, थट्टा पुरे आता."

"थट्टा कसली? उजाडायच्या आत मी खाणीवर दगड फोडायला जायची, ती अंधार पडल्यावर यायची. माझ्या हातून साधी लापशी करपते. पेस्टी तुझा बाप करायचा. कोपऱ्यातलं अक्षर तेवढं मी कोरायची. अडाणी बाई मी, तेही धड यायचं नाही."

कॅप्टन नॅनकिव्हल उगाचच खाकरले. कामगारांपैकी एकाने खिडकीबाहेरच्या बकरीत मन घातलं.

"बाबा करायचे?" एलिशाने विचारलं.

"पाय गेलेल्या माणसाने दुसरं काय करायचं? तू उठायच्या आत लाटून, भाजून, सगळं आवरून पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचा. गावाला कळलं असतं तर बायकांचा झगा चढवून मिरवला असता त्याला. म्हणून मी करते असं सांगायचं ठरलं. तो असेपर्यंत तोंड उघडणार नाही, असं वचन घेतलं होतं त्याने माझ्याकडून."

मग त्या उठल्या आणि लाटणं थिर्झाच्या हातात परत दिलं.

"घे गं पोरी. काल तुझी पेस्टी खाल्ली. हुबेहूब त्याच्या हातची. खाताना मला रडू आलं, पण तू घाबरशील म्हणून बोलले नाही. हे घर तुझं. सलगम सोल म्हणालीस तर सोलेन."

अकरा वर्षांची उत्तरं थिर्झाच्या जिभेवर आली होती. एकेक धार लावून ठेवलेली. पण तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती सगळी गिळली. ती पारी लाटायला लागली.

पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात एलिशाने आईला विचारलं, "मला एकदा तरी सांगायचं होतं त्यांनी. का नाही सांगितलं?"

"सांगणार होता रे. पण तू रोज खाणीतून वर येऊन म्हणायचास, आईसारखी पेस्टी जगात कुणाला जमायची नाही. तो कोपऱ्यात बसून ऐकायचा, आणि इतका खूश व्हायचा, की दुसऱ्या दिवशी आपल्या वाटणीचं मांससुद्धा तुझ्याच पेस्टीत भरायचा."