वारशाचा बूट

“कोण होणार आज माझं लेकरू?” टेकाडाच्या पायथ्याशी उभं राहून ओडवारने आरोळी ठोकली, आणि योरुनने हात वर केला.

उत्तरेकडच्या त्रोम्सो शहरात ती बस चालवायची. तिथून दोन दिवसांचा प्रवास करून ती याच हाकेसाठी या बेटावर आली होती. भोवती वीसेक प्रवासी होते. त्यांना वाटलं, बाई हौशी दिसते.

हा खेळ इथे रोज तीन वाजता व्हायचा. हजार वर्षांपूर्वीच्या सरदारांना जिथे पुरलं ती गवताळ टेकाडं, शेजारी त्या काळातल्यासारखं उभारलेलं गाव, आणि त्या गावाचा सरदार ओडवार. एरवी सुतारकाम शिकवणारा निवृत्त मास्तर. पण लोकरी अंगरखा चढवला की भाव खाऊन जायचा. सपाट दगडावर त्याने कातड्याचा एकच बूट ठेवला.

“लग्नाबाहेरचं पोर घरात घ्यायचं, तर आमच्या कायद्यात एकच वाट,” तो प्रवाशांना सांगू लागला. “तीन वर्षांचा बैल कापायचा आणि त्याच्या उजव्या पायाच्या कातड्याचा बूट शिवायचा. आधी बाप त्यात पाय घालणार, मग पोर, शेवटी वारस. वारस अडून बसला, की सगळं मुसळ केरात! आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा वारस म्हणजे आमच्या बाईसाहेब. पंधरा वर्षं रोज एक नवं पोर पदरात घेतायत बिचाऱ्या!”

लोक हसले. बाईसाहेब, म्हणजे त्याची बायको गेर्ड, घरच्या बिअरचं भांडं घेऊन बाजूला उभी होती. ती हसली नाही. हात वर केलेल्या बाईकडे ती टक लावून बघत होती.

“हिवाळ्यात हा बूट नुसता लाकूड झाला होता,” ओडवारने बूट उचलून वाकवून दाखवला. “पण गेले तीन महिने बघा, आपोआप मऊ होतोय. टेकाडातले बाबा घालून हिंडत असतील! हं, ये गं पुढे. नाव सांग. आणि बापाचं नाव. त्याशिवाय इथे कुणाला थारा नाही.”

“योरुन.”

“आणि बापाचं?”

तो खुशीत हसत होता. ते हसू योरुनच्या काळजात घुसलं. आई गेल्यावर एप्रिलमध्ये तिने या माणसाला पत्र लिहिलं होतं. सगळं लिहिलं होतं, जुलैत येईन हेसुद्धा. तीन महिन्यांत एका ओळीचं उत्तर नाही, आणि आता हा दात काढतोय! तिला संताप आला.

“ते तुम्हाला माहीत आहे. पत्रात लिहिलं होतं मी.”

“कसलं पत्र?”

गेर्डच्या हातातली लाकडी पळी भांड्यावर आपटली.

“मी मोल्फ्रिडची मुलगी,” योरुन म्हणाली. “लोफोटेनच्या मासळी कारखान्यातली मोल्फ्रिड. तुम्ही एक हिवाळा तिथे कामाला होतात. मला एक्केचाळीस पूर्ण झाली.”

ओडवारचे ओठ हलले. तो वर्षं मोजत होता. मोजणी संपली तेव्हा समोर सरदार उरला नव्हता. दाढीवाला, गोंधळलेला एक म्हातारा होता.

“तिने मला कधी...” एवढंच तो म्हणाला.

“कसलं झकास काम करते ही!” गर्दीतली एक बाई नवऱ्याला म्हणाली.

प्रवासात पाठ केलेली सगळी वाक्यं योरुन विसरली. “मला घर नको, जमीन नको. फक्त हो म्हणा. नाहीतर नाही म्हणा. चारची बोट आहे, मी निघते.”

ओडवार खाली वाकला. पायातलं पायताण काढून त्याने त्या बुटात पाय घालायला घेतला. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा गेला. मग पाय काढून त्याने बुटाचं तोंड तिच्याकडे फिरवलं. योरुनने पाय घातला. आत त्याच्या पायाची ऊब होती. तिला रडू फुटलं.

आता वारसाची पाळी. सगळे गेर्डकडे वळले. रोज चुटकीसरशी पाय घालून मोकळी होणारी गेर्ड आज जागची हलेना.

“गेर्ड,” ओडवार म्हणाला, “आज हा खेळ नाही. तू नको म्हणालीस, तर...”

एवढ्या लांब येऊन योरुनचं सगळं या अनोळखी बाईच्या एका पावलावर अडलं होतं. आपण हिच्या घरात न विचारता घुसलो, असं तिला पहिल्यांदाच वाटलं, आणि लाजही वाटली.

गेर्डने भांडं गवतावर ठेवलं. हात पुसले. ती सावकाश चालत आली, तोल सांभाळायला तिने योरुनचा खांदा धरला. तिच्या बोटांना माशाच्या तेलाचा वास येत होता. तिने बुटात पाय घातला, पार टाचेपर्यंत, आणि दाबून उभी राहिली.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या गलक्यात गेर्डने योरुनच्या कानाशी तोंड नेलं.

“पत्र माझ्या हाती पडलं, पोरी. त्याला द्यायचं धाडस काही झालं नाही. मग निदान तू येशील तेव्हा पायाला टोचू नये, म्हणून रोज या बुटाला तेल चोळत बसले.”