आम्ही

वॉकी-टॉकी खरखरला तेव्हा यानेत खिंडीच्या माथ्यावर वाकून, गुडघ्यांवर हात टेकून, श्वास गोळा करत होती.

खालच्या तळावर ओढा फुटलाय. तंबू ठोकायला जागा नाही. तिथला चौकीदार एवढंच बोलला. पुढे नुसता वारा.

म्हणजे दोन वाटा. आल्या पायी मागे, कालच्या तळावर. नाहीतर पुढे, ओढा टाळून, आणखी एक खिंड चढून पलीकडे.

मागे गेलं तर परवा सकाळी शहराच्या दारात पोचणं नाही. परवानगी त्या एकाच सकाळची. मग इंकांचं शहर बघायला अर्धी पृथ्वी ओलांडून आलेली माणसं घरी जाऊन सांगणार, गाइड नवी होती.

नवी होतीच. पहिलीच खेप.

उजवीकडे ती माणसं. निळ्या, नारिंगी, लाल रेनकोटांत. त्यातली एक बाई तोंड झाकून रडत होती. दुःख वगैरे काही नाही, फक्त दमली होती. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्यात तेवढीही ताकद नव्हती.

डावीकडे हमाल. ओझी दगडांना टेकवलेली, पट्टे खांद्यावरच. एकदा काढले की पुन्हा चढवायला जीव उरत नाही. पाठींतून वाफ निघत होती. गालांत थकवा मारणारी कोकाची पानं. त्यांचा म्होरक्या सातुर्निनो, यानेतचा सख्खा मामा. गेल्या वर्षीपर्यंत ती याच रांगेत, त्याच्या मागे, गॅसची टाकी पाठीवर घेऊन चालायची.

मधे ती.

डावीकडे वळली.

"ऐका," ती क्वेचुआत, घरच्या भाषेत, म्हणाली, "खालचा तळ गेला. आम्ही दमलोय, पण आज आम्हाला दुसरी खिंड ओलांडायलाच हवी."

चघळणं थांबलं.

कालपासून ती पाहुण्यांशी स्पॅनिश आणि इंग्रजीच बोलत होती. तिथं ‘आम्ही’ला एकच शब्द असतो, सगळ्यांना पुरतो. क्वेचुआत, मराठीसारखेच, दोन. एकात समोरचा माणूस येतो. दुसऱ्यात येत नाही. यात बोबडं पोरसुद्धा चुकत नाही.

"आम्ही?" हमालांतला मेलितोन म्हणाला. थट्टेला नेहमी त्याचीच सुरुवात. "आम्ही म्हणजे कोण गं? तू आणि ती रडकी मावशी?"

"मग जा की तुम्ही!" मागून दुसरा. "आम्ही बसतो इथं. पोचलात की हाक मारा."

"आणि तंबू?" तिसऱ्यानं विचारलं.

"तंबू पण त्यांचेच. न्या म्हणावं पाठीवर."

सगळे हसले. हसताना खोकले. यानेतही हसली. जिभेची चूक, दुसरं काय.

सातुर्निनो हसला नाही. त्यानं पिशवीतून पानं काढली, तीन अखंड निवडली, देठ जुळवून तिच्यापुढे धरली.

"दमलीस पोरी. घे. आणि नीट बोल परत."

आपण.

शब्द तोंडात तयार होता. तो उच्चारला की तिनं त्यांच्यात बसायचं. पानं फिरणार. प्रत्येकजण बोलणार. कुणी सुजलेला घोटा दाखवणार. मामा म्हणणार, आपण दमलोय ना, मग आपण मागे जाऊ, शहर कुठं पळून चाललंय. आणि ते बरोबर असणार. कुणालाच ते खोडता येणार नाही, तिलाही नाही.

आपण म्हटलं की समोरच्याला नाही म्हणता येतं.

गारा पडायला लागल्या. उजवीकडून त्या बाईच्या नवऱ्यानं इंग्रजीत विचारलं, "शहर बघायला मिळेल ना?"

यानेतनं पानांसाठी हात पुढे केला नाही.

"आम्हाला," ती म्हणाली. सावकाश, एकेक अक्षर सुटं. "दुसरी खिंड ओलांडायची आहे. उजेड आहे तोवर."

या वेळी कुणी हसलं नाही.

सातुर्निनोचा हात थोडा वेळ तसाच राहिला. पानांवर गारा वाजत होत्या. मग त्यानं ती परत पिशवीत ठेवली. आणि स्पॅनिशमध्ये, तिच्याशी जन्मात कधी बोलला नव्हता त्या भाषेत, म्हणाला,

"बरं, बाईसाहेब."

मागे वळून आपल्या भाषेत,

"उठा रे."

उठले. एकानं दुसऱ्याला हात दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. मेलितोननं पट्टे ओढून घट्ट केले.

उतार दगडी पायऱ्यांचा. अरुंद, ओला. हमाल मागून आले की पाहुण्यांनी डोंगराला चिकटून उभं राहायचं. दरीकडची कड हमालांची. यानेतनं ओरडून सगळ्यांना बाजूला घेतलं आणि स्वतःही कातळाला पाठ लावली.

ते आले. पळत, कारण ओझं घेऊन उतारावर हळू चालणं जास्त छळतं. टेबलं गेली. तंबू गेले. गॅसची टाकी गेली, कुण्या नव्याच्या पाठीवर. कुणी वर पाहिलं नाही. सगळ्यात शेवटी सातुर्निनो. तिच्याजवळ आल्यावर पाय न थांबवता स्पॅनिशमध्ये म्हणाला,

"वाट द्या, बाईसाहेब."

वाट तर तिनं आधीच दिलेली होती.

रडणाऱ्या बाईनं डोळे पुसले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिचं बघून नवऱ्यानं. मग सगळ्यांनी. शाब्बास, शाब्बास, आपापल्या भाषांत. खाली वळणावर ओझ्यांची रांग लहान होत चालली होती.

यानेतनं खाली पाहिलं. हातमोजे घातलेले दोन हात एकमेकांवर आपटत होते. तिचेच होते.