नखावरचा थेंब

मिलानसाठी दाया निवडून नेणाऱ्या झानेत्ताबाईने बाजारात गाय बघावी तशी ओर्सोलाची छाती दाबून पाहिली आणि अंगठ्याचं नख पुढे धरलं. नखावर एक थेंब आला, तोही पाण्यासारखा पातळ, आणि लगेच ओघळून गेला. बाईने अंगठा परकराला पुसला.

"याला दूध म्हणायचं? मिलानच्या डॉक्टरपुढे हिला उभी केली तर माझंच नाक कापलं जाईल."

चुलीपाशी उभा असलेला ओर्सोलाचा नवरा बोर्तोलो जमिनीकडे बघत राहिला. ओर्सोलानेही मान खाली घातली, पण तिला आतून हायसं वाटलं. मिलानच्या श्रीमंताघरी दाई म्हणून जायचं, दोन वर्षं परक्याच्या बाळाला अंगावर पाजायचं आणि आपली पाच महिन्यांची निना इथे शेळीच्या दुधावर टाकायची, याचा विचार करूनच तिचा जीव अर्धा झाला होता. या डोंगरातल्या निम्म्या बाया जात, त्यात कुणाला काही नवल वाटत नसे. थोरली नणंदही गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या लेकीने तिला ओळखलं नाही, आणि धाकटा तर ओळखायला उरलाच नव्हता. घराला त्या पगारातून गाय हवी होती. ओर्सोलाला निना हवी होती.

म्हणून तिने पंधरा दिवस गुपचूप सेज नावाच्या झुडपाच्या पाल्याचा काढा घेतला. मुलाचं अंगावरचं तोडायचं असलं की दूध आटवायला इथल्या बाया तोच पीत. शिवाय पोलक्याखाली छाती फडक्याने करकचून आवळली. बाई एकदा नाही म्हणून गेली, की फडकं सोडायचं, बडीशेपेचं पाणी प्यायचं, निनाला दिवसभर छातीशी धरायचं, पान्हा परत येईल, असं तिने मनाशी ठरवलं होतं. येणार होता की नाही देव जाणे. तोवर निनाला धाकटी जाऊ पिएरिना पाजत होती, आपल्या दोन महिन्यांच्या पोराच्या जोडीने. एका शब्दाने तिने कधी का म्हणून विचारलं नाही.

"गाय पान्हा चोरते ना, तशी चोरतेय ही," सासूबाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात चांगली पोलकी भिजत होती हिची."

"भीतीनंही आटतं कधीकधी. येईल परत," झानेत्ताबाई शाल गुंडाळत म्हणाली. "पण मला उद्या बाई न्यायचीय. तोवर ते बाळ काय हवा खाऊन राहणार आहे?"

तेवढ्यात मागल्या दाराने पिएरिना आत आली. दोन हातांवर दोन पोरं, दोन्ही अंगावर लागलेली. निना तर अशी चुटूचुटू ओढत होती की दूध तिच्या ओठांतून हनुवटीवर गळत होतं. बाईची शाल तशीच अर्धवट राहिली.

"ही कोण?"

"धाकटी सून. हिचं पोर फार लहान आहे हो अजून," सासूबाई म्हणाल्या, पण त्या आवाजात नको म्हणण्याचा जोर नव्हता.

"दोघांना पाजतेय आणि वर सांडतंय. मघापासून हिला कुठं लपवून ठेवली होती?"

पिएरिनाचा नवरा जर्मनीत खाणीवर होता. त्याला विचारायला वेळ नव्हता, आणि तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बोर्तोलोने आईकडे पाहिलं, आईने मान हलवली, झालं. मी काढा प्यायले, असं ओर्सोलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नवरा समोर, सासू समोर. ती मेल्यासारखी गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याची लाज तिला तेव्हाच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाराशी आली. पिएरिनाने आपलं पोर ओर्सोलाच्या मांडीवर ठेवलं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"लाव त्याला. लागलेला बघते, मग जाते."

सगळे बघत उभे होते. ओर्सोलाने पोलकं सोडलं. पोराने तोंडात धरलं, ओढलं, सोडून कुरकुरलं, पुन्हा धरलं.

"येतंय का गं?" पिएरिनाने विचारलं.

"येतंय," ओर्सोला म्हणाली.

"चला, आटपा," बोर्तोलो म्हणाला आणि गाठोडं गाडीत टाकायला गेला.

पोराचा मुका घ्यायला पिएरिना वाकली. तिचा ओला गाल ओर्सोलाच्या कानाला लागला.

"तुझ्या तोंडाला काढ्याचा वास मला पहिल्याच दिवशी आला होता," ती हळूच म्हणाली. "तुला इथं राहता यावं म्हणून तुझीला मी अंगावर घेतली, कुणाजवळ बोलले नाही. आता येतंय म्हणालीस ना? मग आण."